कॅमेरा नंबर तीन
(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘सोसायटीची सुरक्षा’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला एखादा पोलीस अधिकारी बोलवावा, मी आयुष्यभर लेजरं तपासलेला माणूस. म्हणून मी विषय लहान करून घेतलाय. मेन गेटवरचा कॅमेरा नंबर तीन, एवढ्याबद्दलच बोलतो. त्याचं मागच्या वर्षी जे रामायण झालं ते निम्म्या लोकांना अर्धवट माहीत आहे आणि उरलेल्यांना चुकीचं माहीत आहे.

जूनमध्ये पहिल्याच वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि तीन नंबर मेला. कॅमेऱ्याला वेगळी विजेची वायर नसते, नेटवर्कच्याच वायरमधून चित्र येतं आणि त्याच वायरमधून वीज जाते, त्याला पीओई म्हणतात. सोयीचं आहे, पण आभाळातून आलेला झटकाही त्याच वाटेने आत शिरतो. नवीन घ्यायचा की दुरुस्त करायचा यावर कमिटीत तासभर चर्चा झाली. शेवटी दुरुस्त करायचं ठरलं, कारण खर्च पाव होता आणि अशा वेळी पाव हा अपूर्णांक सगळ्यांना आवडतो. आपले खजिनदार आणि मी डोंबिवलीहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर कुणी सांगणार नाही.

तिथल्या पोराने भिंगाखाली बघून सांगितलं, पॉवरचा भाग जळलाय तो बदलतो, पण मेमरीची चिपही गेलीय. नवी चिप कोरी असते, तिच्यात भरायला काहीतरी लागेल. तुमच्याकडे अगदी असाच दुसरा चालू कॅमेरा आहे का? होता. बी विंगच्या मागचा पाच नंबर. तो नेऊन दिला. त्याने पाचची चिप वाचून तीनच्या कोऱ्या चिपवर उतरवली. चार दिवसांत दोन्ही कॅमेरे परत.

आता ती चिप म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कॅमेरा म्हणजे खरं तर डोळा लावलेला छोटा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात आठ पायांची, तुरीच्या डाळीपेक्षा थोडी मोठी चिप असते. तिच्यात तीन गोष्टी असतात. पहिली, कॅमेऱ्याला झोपेतून उठवणारा लहानसा प्रोग्रॅम, त्याला बूटलोडर म्हणतात. दुसरी, मुख्य प्रोग्रॅम, जो चित्र घेतो, दाबतो आणि पाठवतो. आणि तिसरी, त्या एकट्या कॅमेऱ्याची स्वतःची माहिती: नंबर, पत्ता, पासवर्ड, घड्याळाच्या खुणा. या सगळ्याला मिळून लोक सैलपणे फर्मवेअर म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी एका मॉडेलच्या सगळ्या कॅमेऱ्यांत सारख्या चालतात. तिसरी प्रत्येकाची वेगळी हवी. चिपची जशीच्या तशी नक्कल केली की तिसरीही नक्कल होते. हे लक्षात ठेवा.

कॅमेरा खांबावर चढवला. दिवसा चित्र आलं, पण गुलाबी. आपली हिरवी बाग रंगपंचमीसारखी दिसायला लागली. आणि संध्याकाळी सातनंतर दर दोन-चार मिनिटांनी चित्र जायचं, परत यायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागला: फर्मवेअर खराब आहे. हल्ली कुठल्याही यंत्राला काही झालं की फर्मवेअरवर ढकलतात, आमच्या वेळी हेड ऑफिसवर ढकलायचो तसं.

सी विंगमधली आपली इंजिनिअरिंगची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. ती इथे बसली आहे, लाजू दे तिला. मी म्हटलं, “पुन्हा प्रोग्रॅम भरूया का?” ती म्हणाली, “काका, आधी वायर बघू. प्रोग्रॅम भरताना वीज गेली तर कॅमेऱ्याची वीट होते.” मला तिचा हा स्वभाव आवडला. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची पहिली यंत्रं आली तेव्हा एक जुने हेडकॅशियर होते, ते काही बिघडलं की आधी प्लग बघायचे. दहातल्या सहा वेळा प्लगच निघायचा.

तर आम्ही भर दुपारी बारा वाजता कॅमेऱ्यावर काळी रेक्झिनची पिशवी टाकली. शिडीवर वॉचमन मामा चढले, शिडी मी धरली. पिशवीमुळे कॅमेऱ्याला वाटलं रात्र झाली, त्याने अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लावले आणि दोन मिनिटांत बंद पडून पुन्हा सुरू झाला. म्हणजे दोष रात्रीचा नव्हता, दिव्यांचा होता. मग सेटिंगमधून दिवे बंद ठेवले आणि पिशवी तशीच. तासभर हलला नाही. मग कॅमेरा खाली उतरवून केबिनमध्ये दोन मीटर चांगल्या वायरवर लावला, दिवे चालू, पिशवी वर. तरी हलला नाही. म्हणजे दिवेही ठीक. उरली खांबापर्यंतची लांब वायर. वीज पडल्यावर तिचा जळालेला तुकडा बदलला होता, आणि बदललेला तुकडा निघाला अ‍ॅल्युमिनियमचा, वरून नुसता तांब्याचा मुलामा. त्यात वीज वाटेतच गळते. दिवे लागले की कॅमेऱ्याला जास्त वीज लागते, ती पोचत नाही, तो कोलमडतो. अस्सल तांब्याची वायर घातली, प्रश्न मिटला.

गुलाबी रंगाचं कारण तर त्याहून साधं. भिंगामागे एक बारीक काच असते, ती दिवसा इन्फ्रारेड किरण अडवते आणि रात्री बाजूला सरकते. सरकताना टक् असा आवाज येतो. कान लावला तर आवाजच नाही. दुरुस्तीत एक छोटा कनेक्टर सैल बसला होता. दाबला, टक् वाजलं, बाग हिरवी झाली. फर्मवेअरला दोन्ही वेळा निर्दोष सोडावं लागलं.

पण तिसरी तक्रार खरी त्याचीच होती. तीन नंबर चालू झाला की पाच नंबर जायचा. पाच आला की तीन जायचा. कधी तीनच्या चौकोनात बी विंगची मागची भिंत दिसायची. मुलांना मजा वाटली, मला नाही. बँकेत दोन खातेदारांना चुकून एकच खाते क्रमांक गेला तर काय होईल, तेच इथे झालं होतं. प्रत्येक नेटवर्क उपकरणाला कारखान्यातून एक कायमचा क्रमांक मिळतो, मॅक अ‍ॅड्रेस. नकलेबरोबर पाचचा क्रमांक तीनच्या पोटात गेला होता, शिवाय त्याचा आयपी पत्ताही. एकेकटे दोघं ठणठणीत, एकत्र आले की भांडण. दुरुस्तीच्या दुकानात हे कधीच कळणार नाही, कारण तिथे टेबलावर एकावेळी एकच कॅमेरा असतो.

आयपी पत्ता बदलणं सोपं, ते पडद्यावरूनच होतं. मॅक अ‍ॅड्रेससाठी मात्र तिला कॅमेरा उघडावा लागला. बोर्डावर तीन बारीक बिंदू असतात, पाठवण्याचा, घेण्याचा आणि अर्थिंगचा. त्यांना तीन वायरी लावून यूएसबीच्या जोडणीने लॅपटॉपला जोडायचं. जोडणी ३.३ व्होल्टची हवी, ५ व्होल्टची लावली तर बोर्ड जाऊ शकतो. संदेशांचा वेग बहुधा १,१५,२०० असतो. मग कॅमेरा उठताना स्वतःशी जे पुटपुटतो ते सगळं पडद्यावर दिसतं. पहिल्या एक-दोन सेकंदांत कळ दाबून तिने त्याला बूटलोडरवर थांबवला आणि मागच्या लेबलवर छापलेला त्याचा मूळ क्रमांक पुन्हा लिहिला. ते लेबल कुणी रंगकामात खरवडलं नव्हतं हे नशीब. सीरियल नंबर मात्र तिथून बदलता आला नाही, तो आजही आतून पाचचाच आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तशी नोंद करून ठेवली आहे, म्हणजे उद्या येणाऱ्या कमिटीने कपाळाला हात लावू नये.

इथवर आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्र स्वच्छ, रात्रही स्वच्छ, आठ कॅमेरे आठ चौकोनांत. कॅमेरा दुरुस्त झाला असं आपण सगळ्यांनी मानलं. त्यानंतर ऑगस्टमधली ती सायकलची गोष्ट घडली, आणि ती मी जरा सावकाश सांगणार आहे.

ए विंगमधल्या मुलाची नवी सायकल गेली. रेकॉर्डिंग काढलं. एक पोरगा सायकल हाताने ढकलत गेटबाहेर जाताना दिसतो, चेहरा टोपीखाली. गेटवरची खुर्ची रिकामी. चित्रावर वेळ छापलेली: संध्याकाळचे ७ वाजून ३९ मिनिटं. दिवसपाळी सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे पाळी वॉचमन मामांची. त्याच रात्री तातडीची सभा झाली. अकरा वर्षं गेटवर असलेल्या माणसाला बोलावून विचारलं. ते एवढंच म्हणाले, “साहेब, साडेसात ते आठ मी खुर्चीतच होतो. समोर भाजीवाल्या मावशी होत्या, विचारा.” भाजीवालीची साक्ष कोण धरणार? समोर छापील वेळ होती. एजन्सीला कळवलं, दुसऱ्या दिवसापासून मामा येईनासे झाले.

मी कमिटीवर नाही, पण मी ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. संशय यायचं कारण मावशीच होत्या. त्या रोज आठला गाडी आवरतात, बरोबर आठला, कारण त्यांना मुंब्र्याला जायचं असतं. रेकॉर्डिंगमध्ये ७:३९ ला समोरचा फुटपाथ मोकळा. गाडी नाही, कंदील नाही, पालापाचोळा झाडलेला. खुर्चीच्या पाठीला मामांची डब्याची पिशवी असते, तीही नाही. अंधारावरून काही कळत नव्हतं, ऑगस्टमध्ये पावणेआठ काय आणि साडेआठ काय, दोन्ही सारखेच काळे.

बँकेत रोखपुस्तक आणि लेजर जुळलं नाही तर आपण खातेदाराला चोर म्हणत नाही, आधी दुसरं पुस्तक उघडतो. इथे दुसरं पुस्तक होतं कॅमेरा चार, पार्किंगवरचा. गेटातून आत आलेली गाडी आठ-दहा सेकंदांत चारसमोर येतेच. डी विंगची लाल गाडी तीनच्या घड्याळाने आली ७:३३ ला, चारच्या घड्याळाने ८:२५ ला. दुसरी गाडी काढली, तिसरी काढली. तिन्हींना फरक बावन्न मिनिटांचा. मग रेकॉर्डरची स्वतःची वेळपट्टी बघितली, चित्राच्या खाली असते ती. सायकल गेली तेव्हा तिथे ८:३१ होते.

हे कसं झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण हे कुठल्याही सोसायटीत होऊ शकतं. चित्रावर छापलेली वेळ कॅमेरा टाकतो. खालची पट्टी रेकॉर्डर टाकतो. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. एकाच कंपनीचे असले तर रेकॉर्डर बहुधा कॅमेऱ्यांची वेळ जुळवत राहतो. आपला रेकॉर्डर एका कंपनीचा, कॅमेरे दुसऱ्या कंपनीचे. ऑनव्हिफ नावाच्या समान भाषेत त्यांचं बोलणं चालतं, आणि त्या बोलण्यात आपल्याकडे वेळेचा विषय निघत नव्हता. रेकॉर्डर ऑफिसात यूपीएसवर आहे. कॅमेरे यूपीएसवर नव्हते. वीज गेली की कॅमेरा झोपायचा. पूर्वी तीनच्या आत छोट्या बॅटरीवर घड्याळ चालू राहायचं, ती बॅटरी विजेच्या झटक्यात गेली होती आणि दुरुस्तीत ती कुणी बघितली नाही, कारण चित्राशी तिचा संबंध नाही. मग वीज आली की कॅमेरा शेवटची लिहून ठेवलेली वेळ उचलायचा आणि तिथून पुढे मोजायला लागायचा. लिफ्टच्या रजिस्टरमध्ये त्या काळात दोनदा वीज गेल्याची नोंद आहे, एकदा वीस मिनिटं आणि एकदा अर्धा तास. वर प्रत्येक वेळी उठायला लागलेला वेळ. झाली बावन्न.

काही कॅमेरे बॅटरी गेली की वीज आल्यावर १ जानेवारी १९७० दाखवतात, आणि भारताची वेळ लावलेली असेल तर पहाटेचे साडेपाच. कॉम्प्युटरच्या एका मोठ्या घराण्याचं कालमापन ग्रीनिचच्या त्या मध्यरात्रीपासून सुरू होतं, म्हणून. तसा कॅमेरा परवडला. तो खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपला कॅमेरा तारीख बरोबर दाखवत होता, वार बरोबर दाखवत होता, सेकंद पुढे सरकत होते. फक्त पाऊण तासाहून जास्त मागे होता, आणि तो पाऊण तास नेमका पाळी बदलण्याच्या दोन बाजूंना पडला.

मग साडेआठला रात्रपाळीचा माणूस कुठे होता? पंपावर. साडेआठला पंप सुरू करायचा ही त्याची ड्युटी कमिटीच्याच कागदावर लिहिलेली आहे. गेट सोडून मागे जायला आपणच सांगितलेलं. पंपाची वेळ आता पावणेआठ केली आहे, तेव्हा एक माणूस पंपावर आणि एक गेटवर असतो.

एजन्सीला दुसरं पत्र गेलं, चौथ्या दिवशी मामा परत आले. सेक्रेटरी स्वतः त्यांच्या खोलीवर गेले होते, हे मी मुद्दाम सांगतो. सायकल मात्र मिळाली नाही.

कुणी म्हणेल, एका सायकलपायी एवढं काय. पण उद्या मोठी चोरी झाली, पोलिसांनी रेकॉर्डिंग नेलं, तर? कॉम्प्युटरमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. यंत्र नीट चालत होतं असं त्यात लिहून सही करावी लागते, आणि फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडाही द्यावा लागतो. आम्हा बँकवाल्यांना हे नवीन नाही. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली खात्याचे उतारे प्रमाणित करून आम्ही कोर्टात दिलेत. बावन्न मिनिटं मागे असलेल्या यंत्राखाली सही कुणी करायची, सेक्रेटरींनी?

आता उपाय काय केले तेही सांगतो, लांबवत नाही. नवी बॅटरी बसवली. कॅमेऱ्यांचा स्विच यूपीएसवर घेतला. आणि आठही कॅमेऱ्यांत वेळ विचारण्याचा पत्ता भरला. याला एनटीपी म्हणतात: कॅमेरा ठरावीक वेळाने दुसऱ्या घड्याळाला वेळ विचारतो. आपले कॅमेरे इंटरनेटला थेट जोडलेले नाहीत, आणि नसावेत, म्हणून त्यांना बाहेरचा पत्ता देऊन उपयोग नाही. ते रेकॉर्डरला विचारतात आणि रेकॉर्डर बाहेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला विचारतो. भारताची प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा राखते.

पासवर्डही बदलले. नकलेबरोबर पाचचा पासवर्ड तीनमध्ये आला होता, आणि पाचचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून कारखान्याचाच होता. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर फिरला. तो कॅमेऱ्यांना आणि राउटरना कारखान्याचे साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघायचा. लाखो उपकरणं उघडली, आणि त्या ऑक्टोबरमध्ये अशाच फौजेने अमेरिकेत एक दिवस ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अनेकांना बंद पाडली. तो लिहिणारे तिघं तरुण होते, पुढे त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. गंमत अशी की कॅमेरा बंद करून चालू केला की मिराई निघून जायचा, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत यायचा.

शेवटी कंपनीचं नवं फर्मवेअरही भरलं, पण घाई न करता. लेबलवरचं मॉडेल आणि त्याखालचा हार्डवेअरचा आवृत्ती क्रमांक दोन्ही जुळवून, कारण एकाच नावाखाली आतून वेगळे बोर्ड असतात. कंपनीने दिलेला तपासणीचा आकडा फाईलशी ताडून. जुन्या बँकवाल्यांना आठवेल, तारेने पैसे पाठवताना निरोपाबरोबर चेक सिग्नल यायचा, तो जुळला नाही तर पैसे द्यायचे नाहीत. अगदी तेच. आणि भरताना कॅमेरा केबिनमध्ये, यूपीएसवर, आधी चालू चिपची प्रत काढून ठेवून. पाच मिनिटांचं काम, तयारीला दोन दिवस.

गेटवरच्या केबिनमध्ये आता एक दोनशे पानी वही आहे. दर सोमवारी सकाळी दहाला मोबाईलची वेळ आणि आठही चौकोनांतली वेळ शेजारी शेजारी लिहायची, फरक सेकंदांत. वीज जाऊन आली तर त्याच दिवशी पुन्हा. वही मामाच लिहितात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. या सोमवारची नोंद मी येताना बघून आलो: तीन नंबर, फरक एक सेकंद. सहा नंबर, वेळ बरोबर, काचेवर कोळ्याचं जाळं, शिडी लागेल.